टँकमध्ये न आणलेले जीव दिसू लागले, तर मारण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. खाऱ्या पाण्याच्या, कोरलच्या टँकला चौथा महिना लागलाय. लाइव्ह रॉक (म्हणजे जीवजंतूंनी भरलेला समुद्री खडक), दोन क्लाउनफिश, थोडे शंख, झोआंथिड (कोरलसारखे, झुबक्याने वाढणारे मऊ जीव) आणि एक मोंटिपोरा कोरल एवढा संसार आहे. गेल्या दोन आठवड्यांत काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसू लागले. रात्री टॉर्च मारला तेव्हा मेलेल्या, पण कवच साबूत असलेल्या शंखावर गुलाबी केसाळ किडा चढलेला सापडला. खडकावर वाकड्यातिकड्या हातांचे, नखाएवढे तारामासे आले. झोआंथिडची एक कॉलनी आठवडाभर मिटून बसली आहे, ती या ताऱ्यांमुळेच असं तुम्हाला वाटतं, आणि दिवे गेल्यावर अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. तुमचा विचार असा, की सगळा रॉक बाहेर काढून उकळून घ्यावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी.

उकळायचं डोक्यातून काढून टाका. हे माशांच्या नाही, तुमच्या जिवासाठी सांगतोय. झोआंथिड आणि त्यांचे भाऊबंद पालिथोआ यांच्यात पालिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. रॉक उकळला किंवा त्यावर गरम पाणी ओतलं की ते वाफेबरोबर श्वासात जातं. अशा प्रकारानंतर घरातली माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. झोआंथिड असलेला रॉक हाताळताना हातमोजे घाला, घासायचा असेल तर चष्माही लावा, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हातच घालू नका.

आता मूळ मुद्दा. लाइव्ह रॉकच्या प्रत्येक भोकात कोणीतरी राहत असतं. फ्रॅगच्या (कोरलच्या विकत आणलेल्या तुकड्याच्या) प्लगखाली, शंखाच्या पाठीवर, मॅक्रोअल्गी म्हणजे मोठ्या शेवाळाच्या जुडीत बसूनही हे जीव येतात. सुरुवातीला ते थोडे असतात आणि लपून असतात. मग टँक स्थिरावतो, शेवाळ येतं, तुम्ही माशांना चार दाणे जास्त टाकायला लागता, आणि यांची प्रजा वाढते. म्हणजे ते आत्ता ‘आले’ नाहीत, आत्ता तुमच्या नजरेला पडले. इतकी वर्षं हे टँक सांभाळताना मी जेवढे जीव उगाच मारले, त्यातले बहुतेक निरपराध होते असं आता कळतं. मेलेल्या शंखावर जो सापडला तोच मारेकरी असं आपण धरून चालतो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

ओळख पटवताना रंगावर फार जाऊ नका. निळ्या दिव्याखाली रंग फसवतात आणि एकाच जातीत दहा छटा असतात. जीव कसा हलतो, कुठे बसतो, कधी बाहेर येतो आणि त्याच्या जवळचं काय खराब झालंय, या चार गोष्टी फोटोपेक्षा जास्त सांगतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. लांब नळीचं रबरी फुग्याचं पिपेट घ्या, पांढरी वाटी घ्या. जीव पिपेटने ओढून टँकच्याच पाण्यात, वाटीत सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. रात्री बघायचं असेल तर दिवे गेल्यावर तासाभराने, टॉर्चला लाल कागद लावून. लाल उजेड बहुतेक समुद्री जीवांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. या एका सवयीने मला जितकं शिकवलं, तितकं कुठल्या महागड्या उपकरणाने नाही.

काचेवरचे पळणारे ठिपके जवळजवळ नक्की कोपेपॉड आहेत. एक ते दोन मिलिमीटर, थेंबासारखं शरीर, मागे बारीक शेपूट. काचेवर थोडं सरकतात, थांबतात, मग झटका देऊन दुसरीकडे. भिंगातून एखादीच्या मागे अंड्यांची पिशवी दिसली तर शंकाच उरत नाही. शेवाळाचा थर आणि कचरा खाऊन ते वाढतात आणि लहान मासे त्यांना खातात. मँडरिन मासा तर मुख्यतः यांच्यावरच जगतो, म्हणून नव्या टँकमध्ये मँडरिन उपाशी मरतो. तुमची काच ठिपक्यांनी भरली आहे ही चांगली खूण आहे, तिच्यावर औषध नाही आणि लागतही नाही.

बरेच जण या ठिपक्यांना ‘इक’ समजून घाबरतात. पांढऱ्या ठिपक्यांचा तो रोग क्रिप्टोकेरियॉन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो, आणि त्याचे ठिपके माशाच्या अंगावर आणि परांवर दिसतात. काचेवर ते पळत नाहीत. ठिपका काचेवर पळतोय आणि मासा स्वच्छ आहे, एवढं पुरे.

ठिपके पळत नसतील, चिकटून बसले असतील आणि बारीक पांढऱ्या चकलीसारखे गुंडाळलेले असतील, तर ते स्पायरॉर्बिड. चुनखडीच्या नळीत राहणारा हा किडा पाणी गाळून खातो. पंपात, सम्पच्या (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीच्या) अंधाऱ्या भिंतीवर शेकड्यांनी होतो. पंपाची पाती जाम झाली तर पंप व्हिनेगरमध्ये भिजवा. एवढाच त्याचा उपद्रव.

याच आकाराच्या आसपास आणखी काही मंडळी भेटतील. अ‍ॅम्फिपॉड दोन्ही बाजूंनी चपटे असतात, जणू बारीक कोळंबी आडवी पडलीय, आणि खडकाच्या फटीत कुशीवर सरपटतात. मायसिड पाण्यात तरंगत, एका जागी थवा करून उभे असतात. दोघेही कामाचे. आयसोपॉड मात्र नीट बघायचे, कारण त्यांच्यातच एक खरा दुष्ट आहे. आयसोपॉड वरून खाली चपटे असतात, ओलसर दगडाखालच्या लाकूडकिड्यासारखे. हात लावल्यावर अंगाचा गोळा करणारे आणि काचेवर कोळ्यासारखे लांब पायांनी चालणारे बारीक, दोन्ही निरुपद्रवी. पण डोळे मोठे, डोक्याच्या दोन्ही कडांना पसरलेले, आणि सोडल्याबरोबर गोळीसारखा सरळ रेषेत पोहत सुटणारा सिरोलानिड असेल, तर तो माशाचं रक्त पितो. माशाच्या डोक्याजवळ किंवा कल्ल्यापाशी राखाडी गाठ चिकटलेली दिसेल. पोट भरलं की सुटतो आणि वाळूत जातो. असा दिसला तर मासा जाळ्यात धरा आणि गाठ चिमट्याने काढा. तो अंगावर असतानाच धरला तर सर्वांत सोपं जातं. वाळूत गेलेला शोधणं महिनोन्‌महिन्यांचं काम आहे.

आता तुमचा गुलाबी केसाळ किडा. ब्रिसलवर्म. याच्याइतका बदनाम आणि याच्याइतका कामसू प्राणी टँकमध्ये दुसरा नाही. अंगाच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या काट्यांचे झुबके, पाठ राखाडी-गुलाबी, लांबी बोटभर. दिवसा खडकात, रात्री बाहेर. उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा, मेलेला शंख, जे कुजून अमोनिया होणार ते हा आधी खातो. शंख त्याने मारला नाही. शंख आधी मेला, मग वास लागला. तीन तासांनी त्याच शंखावर नासारियस शंख आणि हर्मिट खेकडेही जमले असते, आणि त्यांना तुम्ही काही म्हणाला नसता.

शंख का मेला हे वेगळं शोधा. पाण्यात सोडताना घाई झाली का, क्षारता एकदम बदलली का, शंख उलटा पडून राहिला का, त्याला खायला शेवाळ पुरेसं होतं का. नव्या टँकमध्ये शंख मरण्याची कारणं बहुतेक या चारांत असतात.

ब्रिसलवर्मला उघड्या हाताने धरू नका. काटे काचतंतूंसारखे कातडीत मोडून बसतात आणि दोन दिवस आग होते. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, बरेच निघतात, उरलेल्यांवर व्हिनेगर लावा. फार वाढले असतील तर त्याचा अर्थ खाद्य फार पडतंय. पहिल्या वर्षी मी सापळा लावून रोज दहा-पंधरा किडे काढत होतो आणि स्वतःवर खूश होतो. मग नायट्रेट वाढायला लागला, खडकाच्या मागे खाद्य सडायला लागलं, आणि एक गोबी मेला तो मला चार दिवस कळलाच नाही. पूर्वी असा मासा रातोरात साफ झाला असता. तेव्हापासून सापळा माळ्यावर आहे. किडे कमी करायचे असतील तर चमचा लहान घ्या.

या घराण्यातले तीन जण मात्र खरोखर घातक. पहिला हर्मोडिसे कॅरुन्क्युलेटा, दाढीवाला फायरवर्म. अंगाला पांढरे काटे दाट आणि गुबगुबीत, बाजूला लालसर कल्ल्यांचे झुबके, आणि डोक्यावर घडीघडीचा मांसल तुरा. तो कोरलच्या फांदीचं टोक तोंडात घालून चोखतो, त्यामुळे फांद्यांची फक्त टोकं पांढरी पडलेली दिसतात. दुसरा युनिसिड. याला काट्यांचे झुबके दिसत नाहीत, अंगावर इंद्रधनुष्यी चकाकी असते आणि डोक्यावर पाच मिशा. मिशा मोजल्याशिवाय निवाडा करू नका. लहान युनिसिड बरेचदा काही करत नाहीत, मोठे झाल्यावर मात्र कोरल कुरतडतात आणि मासेही ओढतात. याच कुळातला बॉबिट वर्म तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये कोरल कोण तोडतंय ते शोधायला सगळी सजावट उपसली, तेव्हा आत मीटरभराहून लांब किडा निघाला होता. सार्वजनिक मत्स्यालयात, रोज देखरेख असताना! तिसरा ओएनोने फुल्जिडा. नारिंगी, गुळगुळीत, चिकट. तो शंख आणि शिंपल्यांवर चिकट बुळबुळीत द्रव ओततो आणि खातो. तुमचे शंख एकामागून एक, आठवड्याला एक असे जात असतील आणि कवचावर जाडसर चिकट थर दिसत असेल, तरच याचा संशय घ्या. एक शंख गेला म्हणून नाही.

झोआंथिड आणि तारामासे एकत्र घेतो, कारण तुम्ही त्यांचा संबंध जोडलाय. नखाएवढे, राखाडी-पांढरे, हात लहानमोठे, कधी पाच कधी सात, ते अस्टेरिना. हे स्वतःचं अंग फाडून दोन होतात आणि मग उरलेले हात पुन्हा उगवतात, म्हणून प्रत्येकाचे हात असमान. बहुतेक वेळा ते काचेवरचा शेवाळाचा थर चाटत असतात. पण यांच्यात एकापेक्षा अधिक जाती एकाच नावाने चालतात आणि काही झोआंथिडवर बसतात, हेही खरं. म्हणून नियम म्हणून सगळे काढा किंवा सगळे ठेवा, असं मी सांगणार नाही. तीन रात्री लागोपाठ बघा. तारामासा झोआंथिडवर सापडला तर त्याला पिपेटने हलवा आणि खाली पोलिप (कॉलनीतलं एकेक फुलासारखं तोंड) कुरतडलेला, विरघळलेला आहे का बघा. पोलिप साबूत असेल तर तो फक्त वाटेत बसला होता. हार्लेक्विन कोळंबी त्यांना फस्त करते, पण ती फक्त तारामासेच खाते, आणि संपले की उपाशी मरते. आणायची तर हे लक्षात घेऊन.

मिटलेल्या झोआंथिडसाठी मी आधी दुसऱ्या तिघांना शोधेन. एक, सनडायल शंख: चपटा, वरून जिन्यासारखा गोल फिरत गेलेला, पांढऱ्या-तपकिरी चौकड्यांचा, दिवसा कॉलनीच्या मुळाशी. दोन, झोआंथिड खाणारी न्यूडिब्रँक. ही गोगलगाय जे खाते त्याचाच रंग घेते, पाठीवरच्या बोटांसारख्या वाढी पोलिपच्या मिशांसारख्याच दिसतात, आणि पाच मिनिटं समोर बघूनही दिसत नाही. अंड्यांची पांढरी गुंडाळी मात्र दिसते, तीच शोधा. तीन, समुद्री कोळी: सगळे पायच, मध्ये अंग जवळजवळ नाहीच, पोलिपच्या खोडाला लटकलेला. कॉलनी गाळणीत उचलून टँकच्याच पाण्याच्या बादलीत जोराने हलवा, पांढऱ्या तळाशी काय पडतंय ते बघा. यातलं काहीच पडलं नाही तर प्रवाह, प्रकाश आणि पाण्याची क्षारता तपासा. झोआंथिड रुसायला फार मोठं कारण लागत नाही.

तुमच्याकडे मोंटिपोरा आहे, म्हणून एक इशारा. मोंटिपोरा खाणारी न्यूडिब्रँक दोन ते पाच मिलिमीटरची, पांढरी, केसाळ, आणि कोरलच्या पानासारख्या भागाच्या खालच्या बाजूला राहते. वरून कोरल कडेकडेने पांढरं पडत जातं आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो. डिप केल्याने, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवल्याने, ती मरते, अंडी मरत नाहीत. म्हणून दर पाच-सात दिवसांनी तीन-चार वेळा, आणि अंड्यांचे पुंजके दिसतील तितके खरवडून. पुढे कधी अ‍ॅक्रोपोरा ठेवलं तर हाच न्याय तिथल्या चपट्या किड्याला. प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी त्या कोरलच्या रंगात इतका मिसळतो की स्वतः दिसत नाही, दिसतात ते गोल फिकट चट्टे आणि उघड्या सांगाड्यावर तपकिरी अंड्यांचे थर. अ‍ॅक्रोपोरावर पिवळट अंगाचे, लाल ठिपक्याचे, अर्ध्या मिलिमीटरचे जीव फिरत असतील तर ते रेड बग. गंमत अशी की तेही कोपेपॉडच. काचेवरचा कोपेपॉड आपला, फांदीवरचा शत्रू.

चपटे किडे म्हटल्यावर माझी फजिती सांगायलाच हवी. गंजाच्या रंगाचे, चार-पाच मिलिमीटरचे, मागच्या टोकाला तीन शेपट्या असलेले चपटे किडे माझ्या टँकमध्ये उजेड जास्त आणि प्रवाह कमी अशा कोपऱ्यात साचले. लोक त्यांना रेड प्लनेरिया म्हणतात. प्लनेरियाशी त्यांचा संबंध नाही, ते कॉन्व्होल्युट्रिलोबा. अंगात शेवाळ वाढवतात आणि वर कोपेपॉडही खातात. हजारो झाले. मी औषधाची बाटली आणली, मात्रा बरोबर मोजली, संध्याकाळी टाकली आणि विजयाने झोपायला गेलो. मरताना हे किडे विष सोडतात. एका किड्याचं विष काहीच नाही, हजारोंचं एकदम म्हणजे पाणीच विषारी. सकाळी दोन टँग मासे आडवे होते. बाटलीवरच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. योग्य रीत अशी: आधी बारीक नळीने सायफन करून जितके निघतील तितके काढा, पुढच्या दिवशी पुन्हा, त्यानंतर पुन्हा. संख्या अगदी कमी झाली की औषध. ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हाताशी आणि बदलायचं पाणी आदल्या दिवशी मिसळून, तापमानाला आणून तयार. मेलेले किडे तरंगताना दिसले की लगेच उपसत राहायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या दोन महिन्यांत दिसण्याची शक्यता आहे असे दोन सांगतो.

अ‍ॅप्टेशिया. फिकट तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब देठाचं समुद्रफूल, टोकदार बारीक मिशा, हात जवळ नेला की क्षणात भोकात गडप. लोक याला फेदर डस्टर, म्हणजे पिसाऱ्याचा नळीतला किडा, समजून कौतुकाने वाढवतात. फरक सोपा: फेदर डस्टरच्या मिशांना पिसासारख्या उपफांद्या असतात आणि तो नळीतून निघतो, अ‍ॅप्टेशियाची मिशी साधी, गुळगुळीत. याला चिमट्याने खुडू नका, ब्रशने घासू नका. तळव्याचा तुकडा जरी खडकावर राहिला तरी त्याचं नवं समुद्रफूल होतं. एकाचे सात मी स्वतः केलेत. तोंडावर घट्ट कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट सिरिंजने, पंप बंद करून. दोन-चार असतील तर एवढ्याने भागतं. वीस-पंचवीस झाले तर पेपरमिंट कोळंबी किंवा बर्घिया न्यूडिब्रँक. पेपरमिंट म्हणून बरेचदा उंट कोळंबी गळ्यात मारली जाते. तिच्या अंगावर लाल पट्ट्यांबरोबर पांढऱ्या रेषा आणि ठिपके असतात, डोळे मोठे असतात, आणि ती अ‍ॅप्टेशियाऐवजी तुमचे पोलिप खाते. बर्घिया मात्र अ‍ॅप्टेशिया सोडून काही खात नाही, म्हणून मला तीच आवडते.

दुसरा व्हर्मेटिड शंख. नळीत राहणारा, खडकाला कायमचा चिकटलेला, आणि पंप बंद केल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात सोडणारा. धागे कोरलवर पडले की ते मिटतं. बारीक पावडरचं खाद्य टाकलं की यांची चंगळ. नळी मुळापासून मोडा किंवा तोंडावर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) थेंब लावा. दहा मिनिटांत एक कोपरा होतो, सगळा टँक महिन्याभरात.

बाकीच्यांवर शाई घालवत नाही. आठ तकटांचा कायटन, चपटी टोपी घातलेली वेगवान स्टोमॅटेला गोगलगाय, भोकातून नुसते हात हलवणारे बारीक ब्रिटलस्टार, खडकावर दोऱ्यासारख्या मिशा पसरणारा स्पॅगेटी वर्म, सम्पमधले पांढरे अननसासारखे स्पंज: हे सगळे राहू द्या. शंखांबद्दल एक ढोबळ खूण कामाची. कवचाच्या तोंडाला खाच किंवा नळी असेल तर तो बहुधा मांसाहारी, तोंड गोल आणि सलग असेल तर बहुधा शेवाळ खाणारा. नासारियसलाही खाच असते आणि तो फक्त मेलेलं खातो, म्हणून खूण पाहून लगेच फाशी नको, फक्त लक्ष ठेवा. खेकड्याच्या नांग्या बघा. टोकं चमच्यासारखी पसरट असतील तर तो शेवाळ खरवडतो. टोकं काळी, टोकदार आणि अंग केसाळ असेल तर त्याला बाहेर काढा. काचेचा पेला खडकाला तिरपा टेकवून आत कोळंबीचा तुकडा ठेवा. खेकडा उतरतो, गुळगुळीत काचेवरून चढता येत नाही.

राहिला तो ‘टक्’.

आधी निर्जीव कारणं संपवा. हीटरचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना टिकटिक करतो. टर्बो शंख काचेवर चढताना कवच आपटतो. पंप सैल असेल तर भिंतीला लागतो. एका रात्री हीटर अर्धा तास बंद ठेवून ऐका. तरीही आवाज आला आणि तो खडकातूनच येत असेल, तर दोन उमेदवार उरतात: पिस्तुल कोळंबी आणि मँटिस श्रिम्प. दोघांची जात वेगळी, हत्यार वेगळं. पिस्तुल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती मिटताना पाण्याचा फवारा उडतो, त्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि आवाज त्या बुडबुड्याचा असतो, नांगी आपटल्याचा नाही. हे २००० साली वेगवान चित्रणाने सिद्ध झालं. ती वाळू उपसते, बीळ करते, फार तर लहानसहान कोळंबीला त्रास देते, आणि गोबी मासा असेल तर त्याच्याबरोबर सुखाने नांदते.

मँटिसचे डोळे देठावर असतात आणि एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. हत्यार छातीखाली घडी करून ठेवलेलं. हातोड्यासारखं असेल तर तो शंख-खेकडे फोडतो, भाल्यासारखं असेल तर मासे टिपतो. मोर मँटिसच्या हातोड्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे, २००४ मध्ये. मँटिस असेल तर आवाजाबरोबर पुरावाही असतो: शंखांची कवचं फुटलेली सापडतात, तुकडे धारदार. तुमचा मेलेला शंख साबूत होता असं तुम्ही लिहिलंय. ते पिस्तुलच्या बाजूचं आहे.

माझ्याकडे असाच आवाज आला तेव्हा मी पुराव्याची वाट न बघता मँटिसच म्हणून बसलो. तीन रात्री टेहळणी, मग एक आख्खा रविवार अर्धा टँक उपसून. आवाज ज्यातून येत होता तो खडक बादलीत घेतला, भोकात सोडावॉटर सोडलं. हा उपाय खरा चालतो. जो कोणी आत असेल तो कार्बन डायऑक्साइडने गुदमरून बाहेर पडतो, आणि लगेच ताज्या खाऱ्या पाण्यात घातला तर वाचतो. बाहेर पडली दोन सेंटिमीटरची पिस्तुल कोळंबी. त्या धांदलीत अ‍ॅक्रोपोराची पाच वर्षं वाढवलेली फांदी बुडाशी मोडली. तुम्ही खडक उचलू नका. रोज सकाळी वाळूवर फुटलेलं कवच आहे का ते बघा, आणि सापडलं तरच कुठल्या भोकासमोर सापडलं ते लिहून ठेवा. तीन वेळा तेच भोक आलं तर तेवढा एकच खडक बादलीत, आणि सोडावॉटर. माझी कोळंबी सम्पमध्ये आहे, अजून वाजते.